एकूशे, इंजिनिअर

काम करणाऱ्या माणसाला अभिवादन केल्याशिवाय त्याच्यासमोरून जायचं नाही, ही एका प्राचीन संस्कृतीची शिकवण आहे. तिला जागून तो रोज माझ्या दाराशी थांबायचा आणि म्हणायचा, "एकूशे, इंजिनिअर." म्हणजे, तुमच्या कामाला नमस्कार. मी त्या वेळी बहुधा क्रिकेटचा स्कोअर बघत असायचो.

अमेरिकेत कॅरी गावाजवळच्या आमच्या ऑफिसच्या इमारतीतले एसी, दिवे, नळ तो सांभाळायचा. साठीचा, उंच, खांद्यावर शिडी. मूळचा नायजेरियाच्या योरुबा मुलखातला. त्यांच्याकडे बसलेल्याला, थकलेल्याला, प्रवासातून आलेल्याला वेगवेगळं अभिवादन असतं. 'तुम्ही कुठले?' असं त्याने विचारल्यावर मी पुणे म्हणालो, तर म्हणाला, "शहरात माणूस राहतो. तुमचं लोकल गव्हर्नमेंट कुठलं?" लोकल गव्हर्नमेंट म्हणजे साधारण आपला तालुका. त्याचा तालुका कोकोच्या बागांचा आणि ओढ्याकाठी विखुरलेल्या वाड्यांचा. त्या तालुक्याच्या अमेरिकेतल्या मंडळात एक अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष आणि दोन सभासद होते. हा सभासदांपैकी. आमच्याही इथल्या मराठी मंडळात प्रमाण साधारण हेच असल्यामुळे मी फार हसलो नाही.

मी डिजिटल नकाशे करतो हे कळल्यावर तो एक वही घेऊन आला. तिच्यात सात वाड्यांची नावं होती आणि कुठली वाडी कुठल्या ओढ्यापलीकडे, हे हाताने काढलेलं होतं.

"लस देणारे मोटरसायकलवर येतात. फोनमध्ये बघतात. फोनमध्ये आमच्याकडे नुसतं हिरवं. कोको वाळवायच्या शेडपाशी येतात आणि परत जातात."

नकाशा सार्वजनिक होता, कोणीही नावं भरू शकत होतं. त्याला ते जमत नव्हतं. माझ्या हातचा तो मळ होता.

"या वीकेंडला करतो," मी म्हणालो.

बरेच वीकेंड गेले. "त्या काकांचं काम केलंस का रे?" बायकोने विचारलं.

"प्रोसेसमध्ये आहे गं."

"म्हणजे नाही केलंस."

त्याने मात्र एकदाही विचारलं नाही. रोज फक्त 'एकूशे'.

एकदा लंचच्या वेळी त्याने फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे त्याच्या वाडीची सभा भरली होती. "यांना सांगा, इंजिनिअर." इतक्या म्हाताऱ्या माणसांपुढे मला खरं बोलवेना. "झालंय," मी म्हणालो, "दोन दिवसांत दिसेल." अख्खी सभा एका सुरात मला 'एकूशे' म्हणाली.

त्या शनिवारी आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. रविवारी मी कार्यक्रमाचे फोटो बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात लसवाले यायचे होते. आपलं नाव फोनमध्ये आलं, या भरवशावर बायका शेतावर गेल्या नाहीत. मुलांना घेऊन वाडीच्या तोंडाशी संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. मोटरसायकल शेडपाशी आली आणि परत गेली. हे त्यानेच मला सांगितलं, माझ्या डोक्यावरचा दिवा बदलताना.

"त्यांचा फोन जुना असणार," तो वरून म्हणाला. "काम तर तुम्ही केलं होतं."

मी खाली शिडी धरून उभा होतो. तेव्हा खरं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो, "जुन्या फोनवर होतं असं कधीकधी."

तो उतरला, शिडी मिटली. मी ती धरली होती म्हणून मला 'एकूशे' म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला.

महिन्याभराने तो मुलीकडे दुसऱ्या राज्यात, नोव्हायला, कायमचा राहायला गेला. निघताना दाराशी येऊन गेला म्हणे. मी घरून काम करत होतो. त्याच्या जागी आलेला माणूस कोणालाच काही म्हणत नाही, आणि त्यामुळे मला बरं वाटतं.

तो गेल्यावर मी माझ्याकडेच राहिलेली त्याची वही उघडली आणि सातही नावं भरली. मोटरसायकल आता शेड ओलांडते का, हे विचारायला मी त्याला अजून फोन केलेला नाही. नावं भरायला एकूण चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा पासवर्ड आठवण्यात गेली.