खिंडीत मी ज्याला दगडानं ठेचलं

भूत, चकवा, करणी यांवर माझा विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाया मी जवळून पाहिल्यात, त्यातल्या दोघींना तोंडावर खोटारड्या म्हटलंय. शिक्षण चौथीपर्यंत. नातीनं आग्रह केला म्हणून लिहितेय. कुणाला पटवायचं नाही.

आम्ही नगरला सावेडीत राहतो. ह्यांनी लेथ मशीनचं काम सोडल्यावर डोंगर फिरायचं खूळ घेतलं. पाठीवर सॅक, हातात काठी, एसटीनं जायचं आणि पुढं पायी. मी मागं राहणारी नव्हते. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उरकल्यावर, आम्ही अकोल्याच्या गाडीत चढायला लागलो तर कंडक्टर म्हणाला, "आजी, शिर्डीची गाडी पलीकडं लागलीय."

हे म्हणाले, "शिर्डीला म्हातारपणी जाऊ."

अकोले, राजूर, तिथून जीपनं भंडारदऱ्याच्या पुढं. धरणाच्या पाण्याकडेच्या एका वाडीत मुक्काम केला. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना त्रास नको. ज्यांच्याकडे राहिलो त्या हिराबाई, माझ्याच वयाच्या. भाताची झोडणी चालली होती. सकाळी निघताना त्यांनी भाकरी बांधून दिली आणि म्हणाल्या, "खिंडीत हाक मारायची झाली तर एकमेकाचं नाव घिऊन मारा. नुसतं ए, ओ म्हनू नका."

"का?"

"बिननावाची हाक कुनाचीबी आस्ती."

वाटेत हे मला चिडवत होते. "घे बघू नाव. लग्नात घेतलं होतंस, त्यानंतर उधारच आहे."

"गप चाला," मी म्हटलं.

खिंडीच्या थोडं अलीकडे पाण्याचं टाकं लागलं, वाटेपासून जरा खाली. हे म्हणाले, "तू हळूहळू पुढं हो, मी बाटल्या भरून आलो." मी पुढं झाले. दुपारचे बारा वाजले असतील. लख्ख ऊन. धुकं नाही, ढग नाही... हे मुद्दाम सांगते.

खिंडीच्या तोंडाशी आले तर हे माझ्या पुढं चाललेले. तीच निळी सॅक, तीच टोपी, डावा पाय किंचित ओढत चालणं. मला वाटलं, दुसऱ्या वाटेनं वर चढले असतील. मी हाक मारली — "अहो, थांबा की."

ते थांबले. वळले. चेहरा ह्यांचाच. सरळ माझ्याकडे आले आणि काठी उचलून माझ्या खांद्यावर हाणली.

आमच्या संसारात ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मी म्हटलं, "डोकं फिरलं का?" तेवढ्यात दुसरा फटका. मी उजवा हात आडवा घातला, मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी खाली पडले. ते छातीवर गुडघा देऊन बसले आणि गळा धरला. एक शब्द नाही. धापसुद्धा नाही. नुसते डोळे माझ्याकडे, जसं आपण भाजी निवडताना भाजीकडे बघतो.

डाव्या हाताला दगड लागला. कानाच्या वर मारला. पकड सुटेना. पुन्हा मारला, पुन्हा मारला. कवटी आत गेलेली हाताला कळली. गरम रक्त माझ्या तोंडावर, चोळीवर आलं. मग अंग सैल पडलं. मी लाथ मारून ढकललं, तसं ते उतारावरून कारवीच्या झुडपांत घसरत गेलं.

मी बसून राहिले. नवरा मेला, आपण मारला, एवढंच डोक्यात.

आणि मागून आवाज आला, "अगं, कुणाशी भांडतेस?"

दोन भरलेल्या बाटल्या घेऊन हे वर येत होते. मी त्यांच्यावरही दगड उगारला. ते जागीच थांबले. "मी आहे," म्हणाले. मी टोपी काढायला लावली, कानावर बोट फिरवून पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता.

ह्यांनी उतारावर उतरून पाहिलं. कारवी मोडलेली होती. खाली कुणी नव्हतं.

वाडीवर परतलो. हिराबाईंनी माझी चोळी पाहिली. "नुसतं ‘अहो’ म्हनल्या व्हय?"

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"आमच्यात तरी कुठं घेत्यात? खिंडीत तेवढं घेत्यात." आणि त्यांनी चोळी चुलीत घातली.

नगरला मनगटात स्टीलची पट्टी टाकली. डॉक्टर म्हणाले, पडलात. गळ्यावर उमटलेली बोटं पाहिल्यावर त्यांनी ह्यांच्याकडे असं बघितलं, की मला मध्ये बोलावं लागलं. उन्हानं घेरी आली, भास झाला, असं मुलगा म्हणतो. म्हणू दे. रक्त कुणाचं होतं ते तो सांगत नाही. माझ्या अंगावर कुठंच कातडी फाटली नव्हती.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. ती गोष्ट मी सोडून दिलीय. एक मात्र सुटत नाही. महिन्याभरानं, चहा पिताना ह्यांनी विचारलं, "मारताना तुला काय वाटलं होतं? मी नाही, दुसरं कुणीतरी आहे, असं?"

खोटं बोलता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच आहात असं वाटलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "तरी तीनदा?"

"तीनदा."

तेव्हापासून हे एकटेच डोंगरात जातात.