सिंगराईदादाच्या पोरी आणि मी पुरलेली केळ

माझा थोरला भाऊ सिंगराई गावातल्या पोरींना धनुष्य शिकवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या म्हणायच्या, बाईने धनुष्याला हात लावू नये. तो म्हणायचा, मावशी, हात कुठे लावतात, नुसती दोरी ओढतात. आणि पुढे निघून जायचा.

बाण मारायचं फोमचं निशाण आम्ही दोघांनी दुमका शहरात एका दुकानात बघितलं होतं. दुकानदाराने किंमत सांगितली, दादाने प्यायला पाणी मागितलं, पाणी पिऊन आम्ही घरी आलो. मग घरच्या घरी काय काय करून बघितलं. वारुळाच्या मातीत बाणांची टोकं मोडली. ट्रॅक्टरचं टायर ही माझी कल्पना. बाण टायरवरून उलटा आला आणि माझ्याच म्हशीला लागला. जरासाच लागला, पण म्हैस किती दिवस मला धार काढू देईना. शेवटी दादाने पोत्यात चिंध्या ठासल्या. त्या पायाने तुडवायचं काम माझं. नेमबाजीत माझा हात एवढाच. मी धनुष्य उचललं की शेजारीण कोंबड्या आत घेते.

भादव्यात दादाला ताप आला आणि तो गेला. त्याची पोरगी माइनो, सगळ्यांत चांगली मारणारी, तिने धनुष्य माळ्यावर टाकलं ते टाकलंच. पौष संपला की शहरात तिरंदाजीच्या होस्टेलसाठी पोरींची निवड होती. माइनो तिथे जावी एवढंच दादाचं मागणं होतं. वहिनी समजावून थकली. मी गेलो तर माइनो म्हणाली, पोतं पावसात कुजलं, त्यात उंदराची पिल्लं आहेत, मारू कशावर?

बहाणा होता तो. पण मला वाटलं, निशाण तर मी आणू शकतो. परसातली केळ तोडली, तिचा खांब माळावर पुरला. फुकट, मऊ, बाण मोडायची भीती नाही. दादाला हे कसं सुचलं नाही म्हणून मी जरा छाती काढूनच फिरत होतो.

लहान पोरी जमल्या. माइनो लांब बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, बापाचं नाव सांगतेस आणि शेंगा सोलतेस? ती म्हणाली, "काका, आधी तू मारून दाखव."

मारला. तो बाण कुठे गेला ते अजून माहीत नाही. पोरी लोळून हसल्या, माइनोपण हसली. मग माझी दया आली असेल, उठली, धनुष्य घेतलं आणि केळीच्या बरोबर मध्यात बाण घातला.

तेवढ्यात गावचा नगारा सांभाळणाऱ्या छोटराई आजाने नगारा बडवला.

संक्रांतीला बाणांच्या खेळात आम्ही केळच पुरतो. ज्याचा बाण लागला त्याच्यासाठी नगारा वाजवायचा, त्याला खांद्यावर घेऊन गावच्या मांझीकडे, म्हणजे मुखियाकडे, न्यायचं, केळ कापून वाटायची, खेळ संपला. जन्मापासून बघतोय मी हे. पण शिकायला दुसरा बाणही मारता आला पाहिजे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या पोरी बाण लावून तशाच उभ्या. कुणीतरी म्हणालं, संक्रांत अजून यायचीय, आणि ही तर पोरगी. मांझी म्हातारा आला, केळीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "लागला म्हणजे लागला. लखाई, उचल तिला."

उचलली. माझी कंबर कशी आहे ते गावाला ठाऊक आहे. वर बसून माइनो रडत होती, माझ्या डोक्यावर थेंब पडत होते. मीपण रडत होतो. लोकांना वाटलं वजनाने.

मांझीच्या अंगणात उतरली, नाक पुसलं आणि म्हणाली, "उद्या केळ नको. रोज मला उचललंस तर मरशील." मग पुन्हा नाक पुसलं आणि म्हणाली, "आई ज्याच्या वेटोळ्यात भात बांधून ठेवते तो पेंढ्याचा जाड दोर मोकळा पडलाय. तो गुंडाळू घट्ट."

दुसऱ्या दिवशी गुंडाळला. जाड चाकासारखा झाला. बाण रुततो, मोडत नाही, आणि कितीही मारा. दादाला सुचलं नव्हतं. माझा तर प्रश्नच नाही, मला त्यावर दाबायला बसवलं होतं.

आता माइनो रोज संध्याकाळी मारते. चुकलेले बाण मी शोधून आणतो, सापडले तर. निवड पुढच्या आठवड्यात आहे. तू गेल्यावर या दोराचं काय करायचं, विचारलं. म्हणाली, "बाकीच्या पोरी आहेत ना. सैल झाला की तू बस त्याच्यावर."