पोचपावतीचे पेढे

पोचपावतीचे पेढे वाटणारी डोंबिवलीतली मी पहिली बाई असेन. बहुतेक शेवटचीही, कारण हल्ली लेख पोचल्याची ईमेल यंत्र पाठवतं आणि तिच्यात हुरळण्यासारखं काही नसतं, हे आमच्या नातवंडांनाही कळतं. माझ्या वेळी जाडसर कार्ड यायचं. वर जर्नलचं नाव छापलेलं, खाली टाइप केलेलं, की आपला लेख मिळाला, त्याला अमुक क्रमांक दिला आहे, पुढच्या पत्रव्यवहारात तो लिहावा. म्हणजे टपालखात्यानं पाकीट हरवलं नाही, एवढंच. पण आम्ही पडलो फर्स्ट क्लास एमएस्सी. क्रमांक दिला म्हणजे जागा दिली, असा मी अर्थ काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

त्यांनी त्याच संध्याकाळी पेढे आणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले. तळमजल्यावर ते जर्नल दिल्लीचं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत लंडनचं झालं.

त्यांना एवढा आनंद व्हायला कारण होतं. मी कल्याणच्या एका कॉलेजात टेम्पररी होते. परीक्षा संपल्या की घरी बसायचं, जूनमध्ये पुन्हा बोलावलं तर जायचं. पुढच्या वर्षी जागा कायम होणार होती आणि ती पीएचडीवाल्यालाच मिळणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या गाइडना आम्ही बाई म्हणायचो. त्यांचा नियम होता की एक तरी पेपर स्वीकारला गेल्याशिवाय थीसिसवर सही करणार नाही. म्हणजे पेपर नाही तर थीसिस नाही, थीसिस नाही तर नोकरी नाही. आणि या साखळीच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई होत्या. माझ्या मुलाला न्हाऊमाखू घालणं, बालवाडीत सोडणं, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं त्यांनी काही वर्षं अंगावर घेतलं होतं. 'तू जा, मी बघते,' एवढंच म्हणून.

माझा विषय त्यांना पाठ होता. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती. उन्हाळ्यात त्यांतलं पाणी आटत आलं की गुलाबी होतं. ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्यांतले कोणते कधी वाढतात, हे मी पाहत होते. सासूबाई लोकांना सांगायच्या, 'आमची सून खारं पाणी पाळते.' मी कापडी पिशवीत बाटल्या घेऊन बांधावर उतरले की तिथली एक म्हातारी आगरी बाई हटकून विचारायची, 'काय गो बाय, परत पानी न्यावाला आयलीस? घरी नलाला येत नाय का?' डोंबिवलीत तेव्हा नळाला खरंच येत नसे, त्यामुळे मी गप्प राही.

दिवाळीनंतर जर्नलचं पाकीट आलं. जाड होतं. वरचं पत्र संपादकांचं: लेख सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही, परीक्षकांच्या शंकांचं निरसन करून पाठवल्यास पुन्हा विचार करता येईल. खाली परीक्षकांची चार पानं, बारीक टाइपात.

आता माझ्यासारख्या मुलीनं याचा काय अर्थ घ्यायचा? लग्नाआधी मी दाखवून झालेली मुलगी होते. कांदेपोहे करून करून हात बसला होता. आमच्यात तोंडावर नाही कोणी म्हणत नसे. 'मुलगी छान आहे, पण पत्रिका जुळत नाही.' 'मुलाचा सध्या विचार नाही, पुढे योग आला तर बघू.' असं पत्र आलं की माझे वडील ते दोनदा वाचत, घडी घालत, टेबलाच्या खणात ठेवत आणि त्या स्थळाचं नाव घरात पुन्हा निघत नसे. पुन्हा विचारणं म्हणजे लोचटपणा. मी संपादकांचं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. परीक्षकांची चार पानं वाचलीसुद्धा नाहीत. मुलीत काय खोट आहे ते कशाला वाचायचं?

मग सुरू झालं माझं नाटक. बाईंनी विचारलं, 'काही उत्तर?' 'नाही अजून.' सासूबाईंनी विचारलं, 'छापायला वेळ लागतो का गं एवढा?' 'लागतो आई, मोठं जर्नल आहे.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून विचारायच्या, 'लंडनहून आलं का?' मी म्हणायचे, बोटीनं येतंय. प्रयोगशाळेत मी जात होते, पण फ्लास्क धुऊन पालथे घालण्यापलीकडे काही करत नव्हते. मनातल्या मनात शाळेतल्या नोकरीचा अर्जही लिहून झाला होता. सासूबाई मुलाला मांडीवर घेऊन भात भरवताना दिसल्या की मात्र मला समोर बसवत नसे.

फेब्रुवारीत जर्नलचं स्मरणपत्र आलं. ते गेलं बाईंच्या घरी, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, कारण लेखावर त्यांचंही नाव होतं. त्यांनी बोलावणं धाडलं. मी गेले तेव्हा त्या पाट्यावर लसणाची चटणी वाटत होत्या. बसायलाही म्हणाल्या नाहीत.

'संपादक म्हणतायत, महिनाअखेर सुधारित लेख आला नाही तर फाइल बंद. कसला सुधारित लेख गं?'

मी पर्समधून ते पाकीट काढलं. का बरोबर नेलं होतं कोण जाणे. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि चारही पानं वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

'हे तुला नकार वाटला?'

'सध्याच्या स्वरूपात नाही म्हणाले ना बाई.'

'तू दाखवून झालेली ना? मग सांग. ज्यांना मुलगी नको असते ते काय करतात?'

'चहा पिऊन जातात.'

'आणि हवी असते ते?'

'शंभर प्रश्न विचारतात. शिवण येतं का, उंची किती, चष्म्याचा नंबर काय.'

'या माणसानं चार पानं प्रश्न विचारलेत. नको असतं तर दोन ओळी लिहून मोकळा झाला असता. कोणाला एवढा वेळ आहे? बस आता.'

त्या चार पानांतली मुख्य शंका अशी होती: हे जीव मिठागरातल्या पाण्यातले कशावरून? तुम्ही वाढीसाठी द्रव केलात त्यातल्या मिठातूनच आले नसतील कशावरून? पाण्याचा नमुना न घालता नुसता द्रव ठेवून पाहिलात का?

'पाहिलं होतं का?' बाईंनी विचारलं.

'दर वेळी पाहायचे.'

'मग लिहिलं का नाही?'

'त्यात काहीच झालं नाही बाई. काही झालंच नाही तर काय लिहायचं?'

बाई बराच वेळ हसल्या. चटणीचा हात डोळ्यांना लागू नये म्हणून मनगटानं डोळे पुसले. 'काही झालं नाही हेच तर लिहायचं असतं, बये.'

जी शंका एका वाक्यात मिटली असती तिच्यासाठी मी तीन महिने सुतकात बसले होते. पण बाईंनी एका वाक्यावर सोडलं नाही. नमुना घातलेला आणि न घातलेला, दोन्ही फ्लास्क शेजारी ठेवून पुन्हा कर, फोटो काढ, म्हणाल्या. 'आणि मुदत?' मी विचारलं. 'माग. पत्र लिही आणि माग. जास्तीत जास्त नाही म्हणतील.' मुदत मागता येते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. हल्लीच्या पुष्कळ मुलांनाही माहीत नसतं. माझी नात ठाण्याला संशोधन करते. परीक्षकांचा शेरा आला की लॅपटॉप मिटून पांघरूण घेते. दोन दिवस मी तिला घेऊ देते. तिसऱ्या दिवशी चहा नेते आणि बाईंनी मला सांगितलं तेच सांगते. प्रत्येक शंका स्वतःच्या हातानं उतरवून काढ आणि खाली उत्तर लिही. एकही गाळू नकोस, मूर्खपणाची तर मुळीच नाही. परीक्षकाला कळलं नाही असं लिहायचं नाही, आम्हाला नीट मांडता आलं नाही असं लिहायचं. तो चुकत असेल तर आकडे दाखवून सांगायचं, आवाज न चढवता. आधी आभार मानायचे. 'आजी, खोटं खोटं?' नात विचारते. 'आहेराचे मानतो तसे,' मी म्हणते.

त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. भाजी निवडत होत्या. हात थांबला.

'दिवाळीपासून?'

'हो.'

'आणि मी त्या तिसऱ्या मजल्यावालीला काय काय सांगत बसले.' पुन्हा मेथीची पानं खुडायला लागल्या. 'मी मूल सांभाळते ते तुला पास करायला नाही गं. तू करतेस म्हणून सांभाळते. मला तेवढं तरी सांगायचंस.' मग जुडी बाजूला सारून म्हणाल्या, 'पाणी आणायला कधी जायचंय?'

एप्रिलच्या उन्हात मी पुन्हा बांधावर उतरले. मुदत मिळाली होती, मागितल्याबरोबर. बाटल्यांतून गुलाबी पाणी आलं. फ्लास्क शेजारी शेजारी ठेवले. आठवड्यांमागून आठवडे एक रंगत गेला, दुसरा नितळ राहिला. त्या नितळ फ्लास्कवर माझं फार प्रेम बसलं. फोटो काढला तेव्हा दोन्हींच्या मागे माझी छत्री आली होती, ती कापून टाकावी लागली. उत्तराची पानं लेखापेक्षा लांब झाली. कल्याण स्टेशनजवळच्या टायपिस्टनं विचारलं, 'मॅडम, कोर्टकेस आहे का?'

जागेची जाहिरात निघायच्या आत स्वीकृतीचं पत्र आलं. या वेळी मी ते सलग, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, दोनदा, आणि घरी कोणाला सांगायच्या आधी ठाण्याची गाडी पकडली. बाई दारातच भेटल्या, कुठे तरी निघाल्या होत्या. पत्र वाचून त्यांनी परत दिलं. थीसिसवर सही कधी करणार ते सांगितलं. पायऱ्या उतरता उतरता वळल्या आणि म्हणाल्या, 'पुढचा पेपर लिहायला घे. आणि या वेळी उत्तर आलं की आधी मला दाखव, मग रड.'