कायदा भक्कम, बर्फ कमी

"कायदा भक्कम आहे हो बाई, बर्फ कमी पडतो," असं म्हणत ते थर्माकोलची पेटी माझ्या टेबलावर ठेवत आणि झाकणावर दोनदा थोपटत, वर्गातल्या हुशार मुलाची पाठ थोपटावी तसं.

आमचं कार्यालय कल्याणला, काम प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचं. मी तिथे लिपिक होते आणि हे आमचे साहेब. कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने घ्यायचे आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचे, ही त्यांची नोकरी. कायदा खरंच भक्कम. नमुना नापास झाला तर कारखान्याला टाळं लागू शकतं. पण वरून अनुदान दरवर्षी थोडं थोडं कापलं जाई, आणि सरकारी काटकसर कुठून सुरू होते हे तुम्हीही पाहिलंच असेल. आधी जीपचं डिझेल गेलं, मग ड्रायव्हर, शेवटी बर्फ. जीप आवारात उभी होती. तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली, तेव्हा ती निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली.

साहेब मग शेअर रिक्षाने हिंडू लागले, पेटी मांडीवर घेऊन. बर्फ देई आमच्या फाटकाबाहेर बसणारी कोळीण मावशी, तिच्या मासळीच्या पाटीतला. तिच्या नवऱ्याचं जाळं खाडीतून रिकामं येत होतं, म्हणून ती बाजारातून मासळी आणून विकायची. "साहेब, बरफ पायजे तवरा ने. पन तो जांभला नाला बंद कर," एवढंच तिचं मागणं.

तो नाला शहाडकडच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा, खाडीला मिळणारा. सरकारी माणूस नाक्यावर दिसला रे दिसला की नाल्याचं पाणी गंगेसारखं निर्मळ होई. साहेबांना तो वर्षानुवर्षं हुलकावणी देत होता. एक दिवस मात्र साहेब पेटी घेऊन कारखान्याच्या फाटकात गेले, तर चौकीदाराने वास घेतला आणि विचारलं, "चाचा, पापलेट है क्या?"

"अंदर के साहब का है," साहेब गंभीरपणे म्हणाले आणि थेट नाल्यावर पोचले. बाटल्या जांभूळ सरबतासारख्या भरल्या. नंतर नियमाप्रमाणे मॅनेजरसमोर सील करून त्याची सही घेतली. तो बिचारा जेवायला बसला होता. हे सांगताना साहेब डोळे पुसून पुसून हसत.

कोर्टात कारखान्याचा वकील उभा राहिला. "बर्फ कुठला?"

"मावशीचा." साहेबांना खोटं बोलता येत नसे.

"मावशी काय विकते?"

"मासळी."

मग मासळीचा बर्फ वितळून त्याचं पाणी बाटलीत शिरलं नसेल कशावरून? कोर्ट खो खो हसलं आणि खटला पडला. ज्या वासाने आत नेलं, त्यानेच बाहेर काढलं. साहेब हे सगळं आम्हाला नकलेसकट सांगत होते, पण मध्येच त्यांनी वकिलाची नक्कल सोडली. "मावशीला कुठल्या तोंडाने सांगू?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

काही महिन्यांनी वरून देशभरासाठी परिपत्रक आलं. नमुन्यासाठी बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. पैशांची तरतूद मात्र नव्हती. हसून हसून साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. "बघा बाई, राष्ट्रीय पर्यावरण धोरणात माझी भर. कोळंबीचा वास!"

त्यांची निवृत्ती जवळ आली होती. एकच संधी उरली होती. आम्ही कार्यालयातल्या बायकांनी घरोघरचे फ्रीज कामाला लावले. "बर्फ कुठे गेला?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी "देशकार्याला" म्हटलं. मावशीने तर पाणी उकळून, गाळून, देवाच्या कलशात गोठवून आणलं. कलशाला मासळी शिवत नाही, हे कोर्टालाही मान्य होईल, असं तिचं म्हणणं.

आता पेटी नवी होती आणि तिला वास नव्हता. फाटकातून जायचं कसं? मावशी पाटी घेऊन पुढे झाली. चौकीदार तिच्याशी पापलेटच्या भावावरून भांडत बसला आणि साहेब मागून शिरले. पाणी तसंच जांभळं होतं. मॅनेजर, साहेब सांगत होते, पुन्हा जेवतच होता.

हा नमुना टिकला. सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा नीट चालू होईपर्यंत कारखाना बंद ठेवा, असा कोर्टाने हुकूम दिला. निकाल लागला तेव्हा साहेब निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेले होते. मी फोन केला, तर पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

खाडी काही एका नाल्याने बिघडलेली नव्हती. तरी पुढच्या हंगामात एकदा मावशी कार्यालयात आली आणि साहेब तिला देऊन गेलेले ती जुनी, वासाची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. आत मूठ-दोन मूठ कोळंबी होती आणि बाकी काठोकाठ बर्फ.

"आमचे जाल्यातली हाय. साहेबाला नाशिकला धाड," ती म्हणाली आणि झाकणावर दोनदा थोपटलं. "आता वास आला तरी कोन वकील इचारनार नाय."