डबीपर्यंतची हमी

महाडच्या अमजदभाईंनी उभ्या आयुष्यात भरवसा ठेवला तो फक्त एका काठीवर. ट्रक कशेडी घाट उतरून आला की आधी टाकीत काठी बुडवून डिझेल बघायचे, मग ड्रायव्हरचा सलाम घ्यायचे.

मुलगा मुदस्सर ट्रकचा धंदा नको म्हणून भांडून दोह्याला गेला. निघताना अमजदभाई त्याच्याशी बोललेही नाहीत, आणि तेच आता त्यांना आतून खात होतं. २००८ साली घरात इंटरनेट घेतलं ते त्याची माफी मागायला, पण कुणाला सांगतील तर शपथ. व्हिडिओ कॉल पाच मिनिटांत तुटायचा, आणि मनातलं बोलायला यांची पाच मिनिटं खाकरण्यातच जायची.

मधे कुणीतरी स्पीड चोरतंय, याची त्यांना खात्रीच होती. आधी शेजारच्या अकिबवर संशय, मग कंपनीवर. शेवटी कंपनीच्याच लाइनमनला, कुडपणच्या महादूला, बोलावून घेतलं.

"स्पीड कायम मिळेल असं लिहून दे."

"शेट, तारेचं लिहून देतो. हवेचं कोण देणार? आमच्याकडं रेडिओ ओटीवर वाजतो, माजघरात खरखरतो. मधी भिंत हाय ना. वायफायची डबी कुठं ठेवलीय?"

अमजदभाईंनी खिशातून किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांवर डबी लुकलुकत होती. अकिबने फुकट वापरू नये म्हणून त्यांनी कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली होती.

महादूने लॅपटॉप थेट वायरीला जोडला. स्पीड पुरेपूर. लॅपटॉपची वायर काढून, डबी आत ठेवून कपाट लावलं, तर पडद्यावरचं चित्र जागीच अडकलं.

"चोरासाठी पासवर्ड असतो, शेट. कपाटानं तुमचंच अडवलं."

डबी फळीवर आली. तरी महादू लिहून देईना. "उद्या अकिबनंबी डबी घेतली तर हवेत दोघांची धक्काबुक्की व्हायचीच. डबीपर्यंत आमी. फुडचं कुणाच्याच हातात नाय."

हे कंपनीनेच पढवलेलं, असं अमजदभाईंच्या मनात आलंच.

संध्याकाळी कॉल लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अमजदभाई खाकरले आणि एकदाचं म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं."

चित्र स्वच्छ होतं, मुदस्सरचे डोळे भरलेले दिसत होते.

"अब्बा, त्या दिवसाचा विषय निघायची वेळ आली की तुम्हीच कॉल बंद करता, असं वाटायचं मला."

"मी कशाला बंद करीन?" अमजदभाईंनी साक्षीसाठी बायकोकडे पाहिलं. रिझवानाने मान खाली घातली. इंटरनेट आल्यापासून चार महिने तिलाही तसंच वाटत होतं.