मिस्त्रीचे पत्रे

"सायकलवाला मिस्त्री अखेरपर्यंत अडून बसला. त्याच्या दुकानावर जेसीबी घालावा लागला, तेव्हा कुठे शिक्षण संकुलाची वाट मोकळी झाली." परवा संकुलाच्या वर्धापनदिनी एका वक्त्याने हे सांगितले, पडद्यावर छायाचित्रही दाखवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. या गावच्या शाळेत मी आयुष्य काढले आहे. चुकीच्या उत्तराला गुण देण्याची सवय मला नाही.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून मिस्त्रीचे पत्र्याचे दुकान होते. वाचकहो, अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. वाकलेला खिळा तो कधी टाकत नसे. ऐरणीवर ठेवून हलके ठोके द्यायचा, मग एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचा.

"नवा घ्या की, मिस्त्री."

"फेकता कायले, गुरुजी? सरळ होते."

मी वर्गाबाहेर काढलेल्या मुलांविषयीही त्याचे हेच मत होते. "त्या पोराले काहून हाकललं? सरळ होते." यावरून आमचे पुष्कळ वाद झाले. त्यांतला एकही मी हरलो, असे मी आजही मानत नाही.

मग योजना आली. जिनिंग पाडून तेथे संकुल होणार होते: खाली दुकानांचे गाळे, वर गाड्या दुरुस्तीचे शिक्षण देणारी संस्था. त्यातून गावाची भरभराट व्हायची होती. भिंतीलगतचे सारे दुकानदार विरोध करायला योजनेच्या साहेबांनी बोलावलेल्या बैठकीला गेले. मिस्त्रीही गेला, पण त्याने एवढेच विचारले, "पोरीयले घेता का, साहेब?"

लोक हसले.

"हसता काहून? माही नात बॅटरीची गाडी घरी खोलून राह्यली. तिची माय बिमार राह्यते, रोज यवतमाळले जाणं तिले जमत नाही. इथंच शिकन."

"घेऊ की," साहेब म्हणाले. मिस्त्रीला तो शब्द पुरला.

पाडापाडीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी तिकडून जात होतो. मिस्त्री गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडत आपल्याच दुकानाच्या छपरावर बसला होता. शेजारचा चप्पलवाला खालून ओरडला, "आमचं नाक कापलं तुम्ही, मिस्त्री!"

"नाक नाई बापा, नट खोलून राह्यलो. पान्हा दे वर."

पत्रे हातगाडीवर रचून त्याने माझ्या अंगणात आणले. "राहू द्या इथं. वर्ग सुरू झाले का पोरायच्या सायकलींले शेड लागन."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला, छायाचित्रकारही आला. मिस्त्रीच्या जागी पाडायला काही उरले नव्हते. तेव्हा दुकानाचा रिकामा सिमेंटचा ओटा उकरला आणि त्याचे छायाचित्र काढले. सभागृहात दाखवले ते हेच.

इमारत उभी राहिली. गाळे उघडले. वर जाणाऱ्या जिन्याला मात्र कुलूप लागले, ते आजही आहे. मिस्त्री समोरच्या कडुनिंबाखाली पंक्चर काढत बसायचा आणि अधूनमधून वर पाहायचा. "खिडक्या लागल्या, गुरुजी. आता होते." पुढे खोकल्याने त्याला वाक्य पुरे करता येईना, बोटानेच खिडक्या दाखवायचा. मग एके दिवशी कडुनिंबाखाली फक्त तेलाचे डाग उरले.

त्याची नात आता खालच्याच एका गाळ्यात मोबाईलची कव्हरे विकते. गाड्यांविषयी मी तिला विचारले, तेव्हा तिने जिन्याकडे पाहिले आणि उलट मलाच विचारले, "गुरुजी, दादाजीचे पत्रे आहेत ना अजून?"

आहेत. वक्त्यांनी माझ्या अंगणात यावे आणि ते उलटूनपालटून पाहावेत. जेसीबीखाली सापडलेला पत्रा फाटतो, चुरगळतो. या पत्र्यांना फक्त बोल्टांची भोके आहेत. एकही चीर नाही.