डावीकडं काय दिसतं?

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकायचं काढलं, तेव्हा घरातून पहिला शेरा आला, "साठी बुद्धी नाठी." शेरा मारणारे आमचे हे. स्वतः माझ्याहून मोठे, पण साठी लागली ती म्हणे फक्त मला. जन्मभर वकिली केलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकले होते. म्हणून काही न बोलता आमच्या सप्तापूर भागातल्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आले.

खरं सांगायचं तर मला गाडी घेऊन कुठं जायचं नव्हतं. मुलांना विज्ञान शिकवताना फळ्यावर हजारदा गाडी काढली, तिला बाण काढले, गती समजावली, घर्षण समजावलं. पण क्लच दाबला की आत नेमकं काय सुटतं, हे मला कुठं ठाऊक होतं? ते एकदा बघायचं होतं, एवढंच. यांना मात्र गाडी हवीच असायची. यांची थोरली बहीण अळणावरला एकटी राहते, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. दर रविवारी हे तिच्याकडं जायचे, औषधं, भाजी, चिवडा घेऊन. मी जात नसे. अक्का आणि मी एका खोलीत तासभर बऱ्या, त्यापुढं भांड्याला भांडं लागतंच.

शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची, आवाज मात्र मंडईतला. स्कूलच्या गाडीत तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. पहिल्या दिवशी मी इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "टीचर, इंजिन उघडून बघायचं का गाडी चालवायची, एक काय ते ठरवा." तिची शिकवायची एक तऱ्हा होती. गाडी गल्लीतून बाहेर पडली की ती कन्नडमध्ये ओरडायची, "एन काणस्तद, हेळ्री!" काय दिसतंय ते सांगा. चालवता चालवता जे दिसेल ते मोठ्यानं म्हणत राहायचं. गप्प बसलात तर गाडी बाजूला.

पहिले दोन दिवस मला लाज वाटली. "रिक्षा. खड्डा. म्हैस. फुलवाली. आणखी म्हैस." अहो, चौथीतल्या पोरासारखं! पण मग एक गंमत कळायला लागली. ज्या रस्त्यानं मी इतकी वर्षं पायी शाळेत गेले, त्या रस्त्यावर काय काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानापुढं स्कूटर लावणारी पोरं मागं न बघता एकदम रस्त्यात उतरतात. उभ्या बसच्या पुढून हमखास कोणीतरी पळत निघतं. सांगायचं म्हटलं की बघावं लागतं, आणि बघितलं की पाय आपोआप ब्रेककडं जातो. मला भारीच नवल वाटलं. डोळे उघडे असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वयात कळावं!

घरी येऊन मी हे सगळं यांना सांगायची. हे हसायचे. यांना गाडी कोणी शिकवली? कोणीच नाही. मामांच्या जीपवर माळावर दोन फेऱ्या मारल्या, आणि लायसन म्हणे घरपोच आलं. पुढं नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, तोही कसा मिळतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. "पण एक ओरखडा तरी आहे का माझ्या गाडीला?" हे यांचं ठरलेलं वाक्य. ओरखडा नव्हता, हे खरं.

आमची गाडीत बसायची एक पद्धत होती. हे चालवणार, मी डावीकडं बसणार, आणि माझं तोंड चालू. "सायकलवाला आहे हं. थांबा, म्हातारी आहे. जाऊ दे त्याला, जाऊ दे." वेळ पडली तर खिडकीतून हात बाहेर काढून मीच लोकांना थांबवायची. आपल्याकडं डावीकडं बसणाऱ्यानं हे करायचंच असतं. त्यावर हे पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गाडीत रेडिओ लावावा लागत नाही." पाहुणे हसायचे, मीही हसायची.

एकदा नवनगरला बारशाला निघालो होतो. मी म्हटलं, "अहो, आज तो खेळ खेळू या. तुम्ही काय दिसतं ते सांगायचं, मी अजिबात बोलणार नाही."

"तू? गप्प?" हे म्हणाले. "चल, एवढ्यासाठी तरी खेळतो."

छान रंगात आले होते. "समोर बस, मागचा दिवा फुटलेला. दुभाजकावर गाय, मालक फरार. उजव्या हाताला कॉलेजच्या पोरी, चौघी, एका छत्रीत." मी तोंड दाबून हसत ऐकत होते. पण मास्तरकी जात नाही. थोड्या वेळानं लक्षात आलं की हे पोरगं अर्ध्याच पेपरचं उत्तर लिहितंय. समोरचं सगळं येतंय, उजवीकडचं येतंय. डावीकडचं एकही नाही. मला वाटलं, मुद्दाम चिडवतायत.

"आणि डावीकडं?" मी विचारलं.

"डावीकडं काही नाही," हे म्हणाले, आणि त्यांनी गाडी नवनगरच्या आतल्या रस्त्याला डावीकडं वळवायला घेतली.

माझ्या दारालगत दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला होता. हात लांबवला असता तर लागला असता. मी किंचाळले. ब्रेक लागला, कॅन गाडीला घासला, तो माणूस एक पाय टेकवून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "कण्ण काणंगिल्लेन्री?" तो ओरडला. डोळे दिसत नाहीत का?

"घंटी वाजवायची नाही का?" हे उलट ओरडले. तो शिव्या घालत गेला. मग आमची जुंपली. हे म्हणाले, तुझ्या या पोरखेळापायी लक्ष गेलं. मी म्हटलं, लक्ष गेलं की आणखी काही? बारशाला आम्ही दोघंही तोंड फुगवून पोचलो.

पण मला ते सोडवेना. घरी आल्यावर चहा झाला आणि मी यांना खुर्चीत बसवलं. "उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडं बघा. चमचा दिसला की हो म्हणा." आधी मी स्वतः एक डोळा झाकून करून बघितलं, मला चमचा खांद्याशीच दिसला, मग यांच्या डाव्या बाजूनं चमचा हळूहळू आणायला लागले. खांद्याशी आला, काही नाही. कानाच्या पुढं आला, काही नाही. गालासमोर आला तरी हे म्हणत होते, "आणलास का? आण की." अगदी माझ्या नाकापाशी आला तेव्हा कुठं म्हणाले, "हो." मी पुन्हा आणला. पुन्हा तिथंच.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेली. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे, आणि गाडी बंद. दुखत नाही, खुपत नाही, उजवा डोळा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. "कधीपासून वाटतंय असं?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. कसं सांगणार? डावीकडचं सगळं मीच तर सांगत आले होते. रेडिओ एकदा बंद पडला, तेव्हा कुठं कळलं.

हे फार खचले. गाडीची किल्ली मुकाट्यानं माझ्यापुढं ठेवली, आणि दोन दिवस जेवले नाहीत धड. मला रडू येत होतं, रागही येत होता. इतकी वर्षं गाडी चालवून या माणसाला कोणी एकदाही विचारलं नव्हतं, बाबा रे, तुला दिसतं काय?

माझं लायसन आलं, आणि त्या रविवारी अळणावरला मी गाडी काढली. हे डावीकडं बसले, मांडीवर अक्काची पिशवी. मी सवयीनं पुटपुटत होते. "ट्रॅक्टर. वळण. कुत्रं." यांनी चिडवलं नाही. मान पुरती वळवून काचेतून बाहेर बघत होते. जंगल लागलं, रस्ता अरुंद झाला, आणि कडेकडेनं डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका एकीमागं एक चाललेल्या दिसल्या. मी वेग कमी केला.

"या बायका रोज असतात का गं इथं?" यांनी विचारलं.

"असतील की. त्यांची नेहमीची वाट असणार."

बायका मागं पडल्या तरी हे मान वळवून बघत होते.

"मी कधी बघितल्याच नाहीत," हे म्हणाले. "दर रविवारी येत होतो. एकटाच."